नाणं टाकून हलणारा घोडा : साईड धंदा परवडतो का?

प्रश्न : मी खानापूरचा, बेळगावच्या उद्यमबागेत फिटर हाय. संध्याकाळी आणि सुट्टीदिवशी वेळ असतोय. बेकरीच्या दारात पोरांना बसवून हलणारी घोडा-गाडीची मशिनं असतात बघा, नाणं टाकलं की गाणं लागतंय, तसलं एक घ्यावं म्हणतोय. मित्र म्हणतोय टेडी उचलायचं पंजाचं मशीन घे, त्यात पैसा जास्त. कुठलं घेऊ?

उत्तर : दादा, घोडाच घ्या, पंजाच्या मागं लागू नका. पंजाच्या मशीनला आतून सेटिंग असते, किती डावांनंतर पंजानं घट्ट धरायचं ते मालक ठरवतो आणि बाकीच्या वेळी पंजा टेडी उचलून मधेच सोडतो, मग पोरगं कितीबी नेम धरू दे, काय उपयोग? 1963 च्या कर्नाटक पोलीस कायद्यात जुगाराची कलमं आहेत, कौशल्याच्या खेळाला सूट आहे खरी, पण सेटिंगवर चालणारा पंजा कौशल्याचा आहे हे पोलीस ठाण्यात पटवून देणं सोपं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लहान पोरांच्या हातातली नाणी अशी काढून घेणं मला पटत नाही, स्पष्टच सांगतो.

घोड्यात बक्षीस नाही, दहा रुपयात तीन मिनिटं हललं की संपलं. आता हिशोब बघा. समजा मशीन 50,000 ला पडलं, दिवसाला 15 फेऱ्या झाल्या तर 150, महिन्याला 4,500, त्यातले 40 टक्के जागेवाल्याला म्हणजे 1,800 गेले, उरले 2,700, किरकोळ दुरुस्तीचे 300 काढले तर हातात 2,400, म्हणजे पैसे सुटायला पावणेदोन वर्षं. करंटच्या बिलाची भीती नको, मोटर 200 वॉटची धरली तर 15 फेऱ्यांना पाव युनिटसुद्धा होत नाही. पण फेऱ्या 15 च्या 8 झाल्या तर हिशोब कोलमडतो, म्हणून जागा आधी ठरवा, मशीन नंतर. जिथं आई-बाप पोराला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबतात ती जागा, म्हणजे बेकरी, आईस्क्रीमचं दुकान, मुलांच्या डॉक्टरच्या शेजारचं मेडिकल. नुसती गर्दी बघून स्टँडसमोर लावू नका, तिथं सगळे पळत असतात.

नाण्याचं मात्र मोठं त्रांगडं आहे. साध्या कॉईन बॉक्समध्ये एक नमुन्याचं नाणं बसवलेलं असतं आणि आत पडलेलं नाणं त्याच्याशी जुळलं तरच मशीन सुरू होतं. पाचची नाणी जुनी जाड 9 ग्रॅमची, नंतरची 6 ग्रॅमची, एक घेतं तर दुसरं थुंकतं. दहाचं बरं, 27 मिलिमीटर आणि 7.71 ग्रॅम, पण आपल्या भागात दहाचं नाणं घ्यायला कितीतरी दुकानदार अजून कुरकुरतात. रिझर्व्ह बँकेनं 2018 च्या जानेवारीत सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळे चालतात, तरी लोकांच्या मनातलं जाईना. म्हणून पितळी टोकन ठेवा. टोकन काउंटरवर मिळेल, गिऱ्हाईक फोनवरनं पैसे देईल, आणि कुणी गल्ला फोडला तरी टोकन बाहेर कुठं खपत नाही.

तुम्ही फिटर आहात ही मोठी जमेची बाजू. नाणं अडकणं, मायक्रोस्विचची पत्ती वाकणं, बेल्ट ढिला पडणं, टायमर कार्ड जाणं, बहुतेक तक्रारी एवढ्यातच असतात आणि बंद मशीन आठवडाभर दारात उभं राहिलं की दुकानदारच उचला म्हणतो. पण एका गोष्टीत हयगय नको, अर्थिंग. वरचं घोड्याचं अंग फायबरचं असलं तरी आतला सांगाडा लोखंडी, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, पायरी ओली, पोरगं अनवाणी आणि हात हँडलच्या दांड्यावर. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मशीन चालू करायचंच नाही. घोडा हलवणाऱ्या खालच्या क्रँकजवळ बोट जाईल अशी फट असेल तर पत्रा मारून बंद करा.

पंचायतीत नाहीतर महानगरपालिकेत ट्रेड लायसन्सची चौकशी करून घ्या, बोर्ड लावलात तर 60 टक्के कन्नडचा नियम पाळा, जीएसटीची मर्यादा सेवेला वर्षाला 20 लाख आहे, ती तुमच्यापासून लांब आहे.

प्रश्न : चिक्कोडीत आमची बेकरी आहे. एकजण त्याचं घोड्याचं मशीन आमच्या दारात ठेवतो म्हणतोय, अर्धे-अर्धे. लिहून काय घ्यावं?

उत्तर : ताई, आत फेऱ्या मोजणारा मीटर आहे का ते पहिलं विचारा, शून्यावर आणता न येणारा. गल्ला दोघांसमोर उघडायचा आणि मीटरचा आकडा वहीत लिहून दोघांची सही, म्हणजे मागच्या आकड्यातनं वजाबाकी केली की फेऱ्या कळतात, मग वाद कशाला? करंटचं बिल कुणाचं, बिघडलं तर किती दिवसात दुरुस्ती, पोराला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, आणि नको झालं तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं कागदावर घ्या. मशीन पायरीच्या आतल्या बाजूला ठेवायला सांगा, रस्त्याच्या कडेला नको, उतरलेलं पोर सरळ गाड्यांकडं पळतं.