बेअरिंग बदलली तरी कंप्रेसर थरथरतोच

प्रश्न : सर नमस्कार, मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. आमचा २५० किलोवॅटचा स्क्रू कंप्रेसर (हवा दाबणारं मशीन), डायरेक्ट कपलिंग म्हणजे मोटरचा शाफ्ट थेट जोडलेला, मोटर २९८० आरपीएम. सकाळी चालू केला की व्हायब्रेशन २.५ मिमी/सेकंदच्या आसपास असतं, तासाभरात चढत चढत ६.५ मिमी/सेकंदला जातं. मोटरची बेअरिंग बदलून झाली, फरक नाही. आता वरिष्ठ रोटर (फिरणारा भाग) बॅलन्सिंगला पाठवा म्हणतायत आणि तोवर ट्रिपचं (व्हायब्रेशन किती झालं की मशीन आपोआप बंद पडावं याचं) सेटिंग वाढवून चालवा म्हणतायत. काय करू?

उत्तर : रोटर अजून काढू नका. नुसता अनबॅलन्स, म्हणजे रोटरचं वजन एका बाजूला जास्त, असता तर तो गार मशीनवरही दिसला असता. तुमचं तापल्यावर चढतंय, म्हणून माझा पहिला संशय अलाइनमेंटवर, म्हणजे मोटर आणि कंप्रेसरचे शाफ्ट एका रेषेत आहेत का यावर. लोखंड दर मीटरला दर डिग्रीला साधारण ०.०११ मिमी वाढतं, म्हणजे पायापासून शाफ्टच्या सेंटरपर्यंत ४५० मिमी उंची धरली आणि कंप्रेसरची बॉडी ४० डिग्रीनं तापली तर शाफ्ट जवळपास ०.२ मिमी वर जातो, मोटर मात्र तेवढी तापत नाही, आणि या स्पीडला ०.०५ मिमीचा फरकसुद्धा कपलिंगला जड जातो. त्यामुळं गार असताना डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून झीरो-झीरो केलेलं अलाइनमेंट तासाभरानं झीरो राहतच नाही.

खात्री करायची तर मशीन गरम असताना कपलिंगच्या दोन्ही बाजूंना शाफ्टच्या लांबीच्या दिशेचं, म्हणजे अ‍ॅक्सियल रीडिंग घ्या, फेजसकट, म्हणजे कंपन फिरण्याच्या कोणत्या कोनाला सर्वांत जास्त येतं तेही. दोन्हीकडं फेजमध्ये १८० डिग्रीच्या जवळपास फरक आला तर कपलिंगच बोलतंय, म्हणजे अलाइनमेंटच बिघडलंय समजा. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारितेला किती कंपन ते दाखवणारा आलेख) मात्र एक फसगत होते, अलाइनमेंटचा दोष दिसतो स्पीडच्या दुप्पटीला, ती तुमच्याकडं ९९.३ हर्ट्झ येते आणि इलेक्ट्रिकल दोष दिसतो १०० ला, साध्या मीटरवर दोन्ही एकच वाटतात. अनलोड करून (कंप्रेसरवरचा हवेचा भार काढून), रीडिंगवर डोळा ठेवून मोटर बंद करा. त्याच क्षणी धाडकन खाली आलं तर इलेक्ट्रिकल, स्पीडबरोबर हळूहळू उतरलं तर मेकॅनिकल.

मग सप्लाय लॉक करून, डायल लावून पायाचा एकेक बोल्ट सैल करून बघा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर सॉफ्ट फूट आहे, म्हणजे पाय खाली नीट टेकत नाही, तो दोष आधी काढा. पत्र्याचे तुकडे कापून शिम (पायाखालची पातळ पट्टी) म्हणून घातलेले बघितले की जीव तुटतो हो, स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि तीन-चारच्या वर थर लावू नका. प्रेशर पूर्ण काढून डिस्चार्जचा (हवा बाहेर नेणाऱ्या पाइपचा) फ्लँज, म्हणजे बोल्टचा जोडही सोडून बघा, पाइप बाजूला सरकला तर तोच मशीनला ढकलतोय. मगच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला थर्मल ग्रोथ (तापल्यावर होणारी वाढ) धरून गार अलाइनमेंट मुद्दाम तेवढं खालवर ठेवा.

ट्रिपचं सेटिंग काही झालं तरी वाढवू नका, वरिष्ठांना हे पान दाखवा. स्क्रूच्या दोन रोटरमधली फट काही शतांश मिमीची असते, बेअरिंग खराब झाली की रोटर एकमेकांना घासतात आणि सगळा एअरएंड (हवा दाबणारा मुख्य भाग) जातो.