शू कमोडवर, शी मात्र पडद्यामागे

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. शू दिवाळीपासून व्यवस्थित सांगते, कमोडवर बसून करते. शीचं मात्र घोडं अडलंय. शी आली की डायपर मागायची, तो घालून हॉलमधल्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची, कुणी बघितलं तर ओरडायची. जूनमध्ये नर्सरी सुरू होईल आणि डायपर चालणार नाही असं शाळेनं आधीच सांगितलंय. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही डायपर बंद केले. तेव्हापासून ती चार-चार, पाच-पाच दिवस शीच करत नाही. सोफ्याला धरून, पाय आवळून, टाचा उचलून उभी राहते, तोंड लाल होतं. आम्ही म्हणतो, "लाव जोर, लाव जोर", पण काही होत नाही. मागच्या आठवड्यात झाली ती एवढी मोठी आणि कडक की थोडं रक्त आलं, रडून रडून झोपली. आता संडासाच्या दारातूनच परत फिरते. सासूबाई म्हणतात, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावू. मिस्टर म्हणतात, हट्ट आहे, एकदा दटावून बसव. दूध आवडीनं पिते, दिवसाला तीन मोठे पेले. भाजी आणि फळं समोर आली की तोंड फिरवते. औषध दिलं तर सवय लागेल अशी भीती वाटते. काय करू?
– एक आई, चिंचवड

उत्तर : डायपर परत आणा. आजच, दुकान बंद व्हायच्या आत. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

टाचा उचलणं, पाय आवळणं, तोंड लाल होणं याला तुम्ही कुंथणं समजताय. ते कुंथणं नाही. शी बाहेर येऊ नये म्हणून चाललेली ती धडपड आहे. माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक आईवडील इथेच फसतात आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून म्हणतात, "बघा ना, किती जोर लावते बिचारी." लावते खरी, पण उलट्या दिशेनं. शी करणारं मूल वाकतं, गुडघे दुमडतं, उकिडवं बसतं. शी धरून ठेवणारं मूल ताठ होतं.

का धरून ठेवते? एकदा दुखलंय म्हणून. मोठ्या आतड्याचं एक काम मळातलं पाणी शोषून घ्यायचं. मळ जितके दिवस आत, तितकं पाणी कमी आणि गोळा मोठा. तो बाहेर येताना गुदद्वाराशी चीर पडते. शीवर लागलेली लालभडक रेघ बहुधा त्या चिरेचीच असते. मग मुलीच्या डोक्यात पक्कं बसतं : शी म्हणजे दुखणार. पुढच्या वेळी ती आणखी घट्ट धरते, पुढची शी आणखी कडक होते. तीन वर्षांच्या मुलीनं काढलेला निष्कर्ष आहे हा, आणि तिच्या अनुभवाप्रमाणे तो अगदी बरोबर आहे. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. दटावून बसवलं तर दुखण्याच्या भीतीवर बाबांची भीती चढेल, आणि भीतीनं तेच स्नायू आवळले जातात जे आपल्याला सैल व्हायला हवेत.

शू जमते आणि शी जमत नाही, हे तुमच्या एकटीच्या घरात नाही. १९९७ साली अमेरिकेत ४८२ मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या २२ टक्के मुलांनी, शू शिकल्यावरही, निदान महिनाभर शीसाठी कमोडवर बसायला नकार दिला होता. म्हणजे पाचातलं एक मूल. सोसायटीच्या बागेत बसणाऱ्या बाकीच्या आया हे सांगत नाहीत, एवढंच.

आता क्रम नीट धरा, कारण बहुतेकांचा तोच चुकतो. सगळे कमोडपासून सुरुवात करतात. सुरुवात शी मऊ करण्यापासून करायची. दुखणं थांबलं की भीती हळूहळू ओसरते, आणि कमोड सगळ्यात शेवटी येतो.

चार-पाच दिवस शी न होणं आणि रक्त, एवढ्यावरून तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. ते पोट तपासतील, साचलेला मळ हाताला लागतो का बघतील. लागला तर आधी काही दिवस औषधाचा मोठा डोस देऊन आतडं मोकळं करायचं, मग कमी डोस चालू ठेवायचा. आम्ही बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतो. काही मुलांना लॅक्ट्युलोजचं सिरप. दोन्ही औषधं मळात पाणी धरून ठेवतात. आतड्याला चाबूक मारून पळवणारी ही औषधं नाहीत, त्यामुळे सवय लागायची भीती सोडा. माझी खरी तक्रार उलटी आहे. आठ दिवस शी छान झाली की लोक औषध बंद करतात आणि महिन्याभरात "डॉक्टर, पुन्हा तेच" म्हणून हजर होतात. ताणलेलं आतडं पूर्वीसारखं व्हायला वेळ लागतो. किमान दोन महिने औषध, आणि शी शिकवणं चालू असेल तर ती बिनघोर कमोडवर बसायला लागेपर्यंत. मग डोस हळूहळू कमी. किती द्यायचं ते वजनावर ठरतं, म्हणून इथे लिहीत नाही. आतडं मोकळं करायच्या दिवसांत दिवसाला बऱ्याच वेळा पातळ शी होईल. ते दिवस सुट्टीला जोडून घ्या, डायपर घालून ठेवा, आणि त्या दिवसांत शिकवायला अजिबात जाऊ नका.

सासूबाईंच्या देठाबद्दल. त्यांच्या पिढीत घराघरात हेच करत, त्यामागे मायाच होती. पण जिथे चीर पडली आहे, जिथे हात लावू द्यायला पोर तयार नाही, तिथेच आपण काहीतरी खुपसायचं, तेही चौघांनी धरून? साबणाची कांडी नको, रोजचा एनिमाही नको. पोटात एरंडेलही देऊ नका, कळा येतात आणि भीती वाढते. सासूबाईंना दुसरं काम सांगा. तान्ह्या बाळाला पाय जुळवून पावलांवर शीला बसवायची पद्धत त्यांना नक्की येत असेल. गुडघे वर, पाठीला आधार, पाय टेकलेले. ती बैठक शंभर टक्के बरोबर आहे. गुडघे कमरेच्या वर आले की गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि शी विनासायास उतरते. आपल्या जुन्या उकिडव्या बसायच्या संडासात हे आपोआप व्हायचं. कमोडवर तीन वर्षांचं पोर बसतं तेव्हा पाय लोंबकळतात, आपण भोकात पडू असं वाटतं, हातांनी कडा घट्ट धरल्या जातात. अशा अवस्थेत तुम्हाला-मला तरी होईल का? कमोडवर छोटी सीट लावा आणि पायाखाली अंघोळीचं स्टूल द्या, पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. हे होत नसेल तर जमिनीवरची पॉटी बरी.

डायपर परत दिला म्हणजे हरलो असं वाटतंय ना? नाही. पडद्यामागे जाणारी मुलगी शी येतेय हे ओळखते, थोडा वेळ थांबवू शकते आणि तिला एकांत हवा असतो. शी शिकायला लागणारं जवळजवळ सगळं तिच्यापाशी आहे, फक्त जागा बदलायची आहे. ती जागा इंचाइंचानं बदलायची. पहिले काही आठवडे पडद्यामागे, मऊ, न दुखता. तेवढं झालं की "डायपर घाल, पण शी संडासात उभं राहून". दार अर्धं लावा, तुम्ही बाहेर. मग डायपर घालूनच कमोडवर बसणं. मग डायपर सैल. काही आया डायपरला खाली भोक पाडतात आणि तसाच घालतात. ऐकायला विचित्र, पण त्यानं बऱ्याच मुलांचं काम होतं. एखाद्या पायरीवर ती अडली की एक पायरी मागे या, आणि तोंडावरून निराशा दिसू देऊ नका. ते सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

डायपर बदलताना तोंड कसं होतं तुमचं? "ई, घाण, काय वास!" हे आपण गमतीनं म्हणतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पालकांना शिकवणं सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं होतं : शीबद्दल घाण शब्द वापरू नका, आणि डायपरमध्ये केली तरी कौतुक करा. कमोडला नकार देणारी मुलं त्या गटातही तेवढीच निघाली, पण त्यांचा नकार लवकर संपला. तेव्हा पडद्यामागून बाहेर आली की "झाली का? पोट हलकं झालं असेल आता" एवढं म्हणा. टाळ्या, आजीला व्हिडिओ कॉल, काही नको. लाजतात मुलं.

नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच मिनिटं कमोडवर बसवायचं, कपडे काढून किंवा डायपर घालून, तिला हवं तसं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून ती वेळ. स्टिकर द्यायचा तर बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको. शी तिच्या हातात नाही, बसणं आहे. साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना पोटावर आपोआप योग्य तेवढा दाब येतो, आणि "जोर लाव" म्हणायची गरज उरत नाही. फ्लशच्या आवाजाला ती दचकत असेल तर ती बाहेर गेल्यावर फ्लश करा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तीन मोठे पेले दूध म्हणजे तिची भूक तिथेच संपली. सगळं मिळून ४०० ते ५०० मिलीवर आणा, बाटली असेल तर बंद. भूक लागली की पपई, पेरू, चिकू, भिजवलेल्या काळ्या मनुका, रताळं, ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा यांना संधी मिळेल. बिस्किटं घरात आणूच नका. जबरदस्ती करू नका, एकाच वेळी जेवणावर आणि शीवर युद्ध नको. आणि इसबगोल स्वतःच्या मनानं सुरू करू नका : आत आधीच गोळा साचलाय, त्यावर आणखी चोथा टाकून उपयोग नाही. पाणी नेहमीएवढंच, ग्लासवर ग्लास पाजून मळ मऊ होत नाही.

राहिली शाळा. शाळेला डायपर नको आहे ना? मग शाळेत डायपर नसेलच. शू ती सांगते. शी घरी, नाश्त्यानंतर किंवा संध्याकाळी, डायपरमध्ये. बाईंना एवढं सांगून ठेवा आणि दप्तरात चड्डीचा एक जादा जोड ठेवा. जूनची तारीख मुलीला सांगू नका.

काही गोष्टी असतील तर मात्र या सगळ्यात वेळ घालवू नका. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली नव्हती का, त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे का, पोट फुगून टणक झालंय का, हिरवी उलटी, वजन न वाढणं, पायात कमजोरी, कमरेच्या खाली माकडहाडाजवळ खळगा किंवा केसांचा पुंजका. यातलं एकही असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आपणहून सांगा. हिरवी उलटी किंवा टणक फुगलेलं पोट असेल तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : नातू साडेचार वर्षांचा. वर्षभर सगळं स्वतः करत होता. आता दिवसभर चड्डीला पातळ शी लागलेली असते, विचारलं तर "मला कळलंच नाही" म्हणतो. खोटं बोलतो असं वाटतं. जुलाब समजून फळं बंद केली, दहीभात चालू आहे. जुलाबाच्या औषधानं फरक नाही.
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : काका, तो खरं बोलतोय. हे बहुधा जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. गुदाशयात कडक गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपतो. आतडं ताणून ताणून बधिर झालेलं असतं, त्यामुळे त्याला खरोखरच कळत नाही. जुलाब थांबवायचं औषध आजच बंद करा, त्यानं गोळा आणखी घट्ट होतो. बालरोगतज्ज्ञांना पोट तपासायला सांगा. डाव्या बाजूला खाली गोळा बऱ्याचदा हातालाच लागतो. अशी मुलं अंथरुणही ओलं करतात, तसं होत असेल तर तेही सांगा. वरच्या पत्रात लिहिलंय तेच औषध, फक्त जास्त महिने लागतील.

चड्डी त्यानं स्वतः बादलीत टाकायची, धुवायची तुम्ही, आणि चारचौघांत त्यावर बोलायचं नाही. पपई आणि पेरू परत सुरू करा.