आंग्र्यांचा कावळा

एका वाचकाने विचारलंय: कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावरच्या इंग्रजी मजकुरात ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ ही जहाजं येतात, ग्रॅबचं मराठी ‘झडपनौका’ केलं तर चालेल का?

नाही चालणार. पकडणं, ओरबाडणं हे अर्थ सांगत बसत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा हल्ली ‘ऑफर ग्रॅब करा’ म्हणून ओरडतात. गोदीत कोळसा उपसणारा पंजाही ग्रॅबच. ते डच गोतावळ्यातलं क्रियापद. आंग्र्यांच्या ग्रॅबचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी जलदुर्ग बघायला जावं तर कोणीतरी ऐटीत सांगतंच, ‘इंग्रजांची जहाजं हिसकावायची, म्हणून ग्रॅब!’ अहो, या व्युत्पत्तीची टिंगल ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने 1886 सालीच करून ठेवलीय.

मूळ शब्द अरबी ‘घुराब’, म्हणजे कावळा. मराठीत त्याची ‘गुराब’ झाली; सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारात गुराबा आहेत. इंग्रजांनी ती जिभेला सोयीची करून घेतली, इतकंच.

पण जहाजाला कावळा का? डांबर फासून काळं दिसायचं म्हणून, असं एक मत आहे. डांबर कुठल्या होडीला फासत नाहीत? त्यापेक्षा इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने 18व्या शतकात केलेलं वर्णन वाचा: उथळ बूड, मध्ये रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि टोकाला भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली चोच. त्या चोचीवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. हे धूड अंगावर येताना ज्याने पाहिलं, त्याला डांबर सुचेल की चोच?

कॉर्व्हेटचंही तेच. इंग्रजी कोशकार या युद्धनौकेला डच ‘कॉर्फ’ म्हणजे टोपलीत नेऊन बसवतात. लढाऊ जहाज आणि टोपली! लॅटिनमध्ये कावळ्याला ‘कॉर्व्हुस’ म्हणतात; कॉर्व्हेट हे घुराबचंच भाषांतर असावं, असं काही जुन्या अभ्यासकांनी सुचवलं होतं. मी त्यांच्या बाजूचा. कोशकारांनी खुशाल नाकं मुरडावीत.

हां, गॅलिव्हॅट राहिलंच. ते आपलं गलबत: चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, ऑर्मच्या हिशेबाने क्वचितच 70 टनांच्या वर. वारा पडला की गुराबांना ओढून न्यायचं काम याच गलबतांचं. 1756 साली विजयदुर्गावर कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचं हे सगळं आरमार जळालं. त्यात पुण्याच्या पेशव्यांचाही हात होता, पण तो वाद इथे नको. तुम्ही सरळ ‘गुराब’ आणि ‘गलबत’ लिहा.