कल्ले उघडे पडलेत? डोस वाढवू नका

प्रश्न : सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या बीजात, म्हणजे लहान पिल्लांच्या खेपेत, बऱ्याच पिल्लांच्या कल्ल्यांचं झाकण आखूड आहे, काहींचा खालचा जबडा वाकडा आहे. औषधवाल्याने कॅल्शियम पावडर आणि जीवनसत्त्वांचं द्रावण दुप्पट द्यायला सांगितलंय. द्यावं का? बीजखरेदीला अनुदान मिळेल का?

उत्तर : देऊ नका. दुप्पट तर मुळीच नाही.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या डोक्यात हाड जवळजवळ नसतंच. जबड्याची दांडी आणि कल्ल्यांच्या कमानी आधी कूर्चेच्या, म्हणजे लवचिक मऊ हाडाच्या, असतात, हाड नंतर धरतं. झाकण मात्र कूर्चेशिवाय थेट हाड म्हणूनच तयार होतं, तेही पहिल्या काही दिवसांत. माथा सगळ्यात शेवटी भरतो. म्हणजे झाकण-जबड्याचं बिघडतं ते बहुतेक वेळा अंडी उबवताना किंवा सुरुवातीच्या खाण्यात. तुमच्या नजरेला पडतं तोवर हाड पक्कं झालेलं असतं. पावडरीने ते सरळ होत नाही.

शिवाय कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनच ओढतो. कमी पडतो तो फॉस्फरस, आणि तो खाद्यातूनच जावा लागतो. सायप्रिनसला जठर नसतं, त्यामुळे मासळीच्या भुकटीतल्या हाडांचा फॉस्फरस त्याच्या फारसा अंगी लागत नाही. खाद्यात मोनोकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे सहज अंगी लागणारा फॉस्फरसचा क्षार, आहे का ते पाहा. क जीवनसत्त्व जुन्या, दमट खाद्यातून उडून जातं, म्हणून ताजं खाद्य घ्या. आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर त्यानेच हाडं वाकडी होतात! बाटलीवर अ लिहिलं असेल तर दुप्पट डोस म्हणजे रोग विकत घेणं. पुन्हा सांगतो, डोस वाढवू नका. उबवणीच्या पाण्यात कीटकनाशकाचा थेंबही नको, उष्णतेचा चढउतार नको.

माझा आग्रह जिवंत खाद्याचा. जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) सोडण्याआधी तळ्याचं 50 लिटर पाणी प्लवंगजाळीतून, म्हणजे अगदी बारीक जाळीतून, गाळा. गाळलेलं भांड्यात ठेवलं की तळाशी 1 मिलिलिटर तरी प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, हेच ते जिवंत खाद्य) बसला पाहिजे. नसेल तर थांबा, जिरे सोडू नका.

अनुदानाची चौकशी मत्स्य विभागात करा. वाकडी पिल्लं वेगळी काढा, प्रजननासाठी कधीच ठेवू नका. पुढचं बीज घेताना पांढऱ्या थाळीत वीस-पंचवीस पिल्लं सोडून भिंगातून पाहा. झाकणाच्या कडेखालून लाल कल्ला डोकावताना दिसला, तर पैसे देण्याआधीच बीज परत करा.