नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी

मॅडम, नेमणुकीबद्दल अभिनंदन. दिसेल त्या वेबिनारला नाव नोंदवून ई-प्रमाणपत्रांचा ढीग करण्याचा मोह पहिल्या वर्षी बहुतेकांना होतो. तो आपण टाळावा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे होणाऱ्या पदोन्नतीत अशा कागदांना फारसे वजन नसते.

आधी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्राचा फॅकल्टी इंडक्शन कार्यक्रम, म्हणजे नव्या प्राध्यापकांसाठीचे प्रारंभिक प्रशिक्षण, पूर्ण करावा. तो ऑनलाइन असला तरी त्या काळात रोजचे तास सांभाळणे जड जाते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच प्राचार्यांकडून कर्तव्य रजेचे लेखी पत्र घ्यावे आणि शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा पडताळून पाहाव्यात. (तोंडी होकारावर विसंबून राहू नये, हे वेगळे सांगायला नको.) विषयाचे ज्ञान अद्ययावत करणारा रिफ्रेशर कोर्स त्यानंतर, आणि तोही आपल्याच विषयाचा.

पीएच.डी. मात्र लांबवू नका. ती असल्यास पुढची श्रेणी ४ वर्षांनी मिळू शकते. केवळ पदव्युत्तर पदवीवर ६ वर्षे लागतात. विषय पक्का होण्याची वाट न पाहता आठवड्यातील एक दुपार विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात घालवावी. जुने प्रबंध चाळताना विषय आपोआप सापडतो.

प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या (आयक्यूएसी) समन्वयकांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.