मार्च एंडिंग आणि साकुरा

प्रश्न : मी बँकेत आहे, त्यामुळे मार्च एंडिंग उरकून १० एप्रिलच्या आधी रजा मिळणं शक्य नाही. मिस्टरांना जपानचा चेरीचा बहर, म्हणजे साकुरा, पाहायचाय. तेव्हा टोकियोला गेलो तर फुलं सापडतील का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : टोकियोत बहुतेक नाहीच सापडणार. मी ही चूक करून बसले आहे, म्हणून सांगते. 'एप्रिल म्हणजे साकुराच' या एका एजंटच्या भरवशावर आम्ही दोघी बहिणी ११ एप्रिलला टोकियोतल्या चिदोरीगाफुचीच्या खंदकाशी पोचलो. फांद्यांवर कोवळी पानं, खाली पाण्यावर पाकळ्यांची जाड साय. कुणी वल्हं मारलं की सायीत काळी रेघ उमटायची आणि मागून पुन्हा मिटायची. मी त्यावरच खूश होते. ताई मात्र म्हणाली, "सडा पाहायला एवढ्या लांब कशाला? पारिजातक आहे की अंगणात."

तिथली बहुतेक झाडं सोमेई योशिनो जातीची, एकाच झाडापासून कलमं करत वाढवलेली. त्यामुळे अख्खं शहर एकदम फुलतं आणि एकदमच झडतं. यासुकुनी मंदिरातल्या एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. २०२३ साली ती तारीख १४ मार्च होती, २०२४ साली २९ मार्च. आता करा हिशोब! त्यानंतर आठवडाभरात पूर्ण बहर, मग एक पाऊस आला की संपलं.

तुमच्या रजेत बसेल असं गाव म्हणजे उत्तरेचं हिरोसाकी. टोकियोहून शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, शिन-आओमोरी आणि पुढे साधी गाडी. किल्ल्याच्या बागेत अडीच हजारांवर झाडं आहेत, आणि तिथला बहर एप्रिलच्या उत्तरार्धात येतो. थोडा उशीर झालाच, तर तिथल्या खंदकावरचा सडा पाहायला जपानी माणसंही मुद्दाम येतात. (ताईला हे अजून सांगितलेलं नाही.) फक्त २९ एप्रिलच्या आत परता, कारण तेव्हापासून त्यांच्या सलग सुट्ट्या सुरू होतात, मग हॉटेलं मिळत नाहीत.

परतीला टोकियोत शिंजुकू ग्योएन बागेत डोकवा. तिथली गच्च पाकळ्यांची उशिरा फुलणारी चेरी २० एप्रिलच्या आसपासही असू शकते.

आणि स्वेटर घ्याच. इथे कूलर लावून बॅग भरताना तो हमखास राहतो. माझा राहिला होता.