लेकीला तो शब्द तूच सांग

अमळनेर,
आषाढ वद्य पंचमी

पोरी,

परवा फोनवर दहा मिनिटं बोललीस. त्यात छातीतल्या गाठीच्या रिपोर्टबद्दल दोन वाक्यं, बाकी सगळं लेकरांचं. थोरली दुसरीत, धाकटा अजून अंगावर पितो. सासूबाई म्हणतात, "पोरेसले काय समजस?" कुणी काही सांगायचं नाही असं घरात ठरलंय. आणि तू विचारलंस, "बाई, मी काय सांगू तिला?" मी "बघू" म्हणून फोन ठेवून दिला. उत्तर मला माहीत होतं, पण तेव्हा आवाज धड राहिला नसता. म्हणून लिहितेय.

२००४ साली माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा तू माझ्याच वर्गात होतीस, सहावीत. तुम्हा मुलींना सांगितलं होतं की बाईंना कावीळ झालीय. आठवतं? कावीळ झालेली बाई सहा महिन्यांनी डोक्यावरून घट्ट पदर घेऊन परत येते, आणि बेचाळीस मुलींपैकी एकही काही विचारत नाही. तुम्हाला सगळ्यांना कळलं होतं. तूच नंतर कधीतरी बोलून गेलीस, मधल्या सुट्टीत तुमचं तेच बोलणं चालायचं.

घरातही मी तेच केलं. मुलगा सात वर्षांचा होता. त्याला यावल तालुक्यात मामाकडे पाठवून दिलं. केळीच्या बागा, मामेभाऊ, पाटाचं पाणी, वाटलं, रमेल. चार महिने तो तिथे होता. फोनवर बोलायचा नाही, आम्ही म्हणायचो, रमलाय बघा. मग २०१५ साली इंजिनीअरिंगला पुण्याला निघायच्या आदल्या रात्री ओट्यावर बसला होता, तेव्हा एकदम म्हणाला, "आई, तो बॉल मी मुद्दाम नव्हता मारला." मला काही उमजेना. कुठला बॉल? तर गाठ कळायच्या आधी अंगणात खेळताना त्याचा रबरी चेंडू मला छातीवर लागला होता, मी कळवळून ओरडले होते. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच्या हिशेबात मात्र चेंडूने गाठ झाली आणि म्हणूनच त्याला घरातून काढलं. अकरा वर्षं ते पोर हे मनात घेऊन जेवत होतं, अभ्यास करत होतं, माझ्याशी हसत होतं.

तेव्हा, तू विचारलंस त्याचं उत्तर हे. थोरलीला तूच सांग, आणि 'कॅन्सर' हा शब्द वापरून सांग. तो तिला शाळेत नाहीतर गल्लीत कळणारच आहे, आणि तिथे तो भुतासारखा कळेल. लांबलचक नको. आईच्या छातीत गाठ झालीय, तिला कॅन्सर म्हणतात. तू केलेल्या कशामुळे ती झालेली नाही. भाऊ दूध पितो म्हणूनही नाही. ती कुणाला लागत नाही, तू माझ्या कुशीत झोपू शकतेस. औषधाने माझे केस जातील, मग परत येतील. आणि शेवटी तिला खरं काळजीचं असतं ते: शाळेत कोण सोडणार, वेणी कोण घालणार, डबा कोण देणार. त्याची नावं घेऊन सांग. ती खेळायला पळून गेली तर जाऊ दे, आठ दिवसांनी भाकरी थापताना नेमका प्रश्न विचारेल.

"तू मरशील का?" हाच विचारेल. "छे, काहीतरीच!" म्हणू नको. "डॉक्टर मला बरं करायला औषध देताहेत. काही वेगळं झालं तर ते तुला मीच सांगेन, दुसरं कुणी नाही." एवढं बोल आणि दिलेला शब्द पाळ. तू बरी होशीलच असं मी इथे लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही, आणि आपल्या दोघींत खोटं बोलायची वेळ आता गेली.

धाकट्याचं वेगळं. केमोची औषधं दुधात उतरतात, त्यामुळे पाजणं सोडावं लागेल. ते पहिल्या केमोच्या आधी, डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे बाया कडुनिंबाचा पाला वाटून लावतात, तसलं काही करू नको, तिथे बायोप्सीची, गाठीचा तुकडा तपासायला काढल्याची, जखम आहे. दीड वर्षाच्या पोराला समजावून सांगितलेलं कळत नाही, पण रोज भरवणारा हात बदलला की कळतं. म्हणून त्याला भरवणारं एकच माणूस ठरव, नणंद असेल तर नणंदच, आणि रात्री तू नुसती जवळ घेऊन झोप. दोन-चार रात्री तो आकांत करेल. तूही रडशील. सासूबाईही रडतील, आणि त्या वेळी कुणीतरी चहा ठेवायला हवा, एवढंच.

आता कागदांचं. मी मुंबईला परळच्या टाटाला गेले ती चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने, हातात नुसता रिपोर्ट. तिथे त्यांना बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक स्वतः तपासायचे होते, ते इथल्या लॅबमध्येच राहिलेले. यांना परत पाठवलं, चार दिवस गेले. तू जळगावलाच औषध घेणार असलीस तरी ब्लॉक आणि त्या काचा, म्हणजे स्लाईड, मागून घे, एकदा मुंबईचं मत घे. त्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन ओळी असतील. तुला कोणतं औषध लागेल हे बरंचसं त्यांवरून ठरतं. म्हणून गल्लीतल्या कुणाच्या जावेला काय दिलं होतं, त्याच्याशी आपलं ताडून बघत बसू नको. आणि "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" म्हणणारे येतील, त्यांना पाणी द्यावं आणि वाटेला लावावं. मुळी आणि काढा घेऊन येणारेही येतील, बहुतेक मोटारसायकलवर. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता पोटात काही घेऊ नको.

पैशांचं थोडक्यात: महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधी भेटा. आधी, म्हणजे काउंटरवर पैसे भरण्याआधी. मुंबईला जावं लागलं तर रेल्वेच्या तिकिटात रुग्णाला आणि सोबतच्याला सवलत असते, तिचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. हे सगळं जावईबापूंकडे दे. पुरुषमाणसाला अशा वेळी काय करावं कळत नाही, तो शेतात जाऊन कपाशीला दुसऱ्यांदा खत घालून येतो. त्याच्या हातात फाईल दे. आमच्याकडे ती फाईल यांनी अशी सांभाळली की कॅन्सर परत येऊ नये म्हणून पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांची प्रत्येक पावती तारखेने लावलेली होती. माझ्याजवळ बसून एकदाही रडले नाहीत, पण पावत्या बघ.

आणि एक गोष्ट कॅलेंडरवर लाल पेनाने लिही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरतात. त्या दिवसांत ताप १००.४ झाला तर तसाच दवाखाना, रात्री दोन वाजलेले असोत की पोळा असो. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून सकाळची वाट पाहिली होती. त्या एका रात्रीपायी आठ दिवस आत राहिले, सलाईनवर. तुझ्या घरात थर्मामीटर आहे का? मला ठाऊक आहे, नसेल.

केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतील. उशीवर, भाकरीच्या पिठात, धाकट्याच्या मुठीत. वाट बघू नको, आधीच बारीक कापून टाक आणि थोरलीच्या हातात कात्री दे, दोन बटा तिला कापू दे. सासूबाईंना त्रास होईल. त्यांच्या आजीच्या काळात केस उतरलेली बाई म्हणजे काय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांचं रडणं वेडेपणाचं नाही. त्यांना आधी सांगून ठेव.

जेवणाचं म्हणशील तर तोंड येईल, तेव्हा हिरव्या मिरचीची ओढ सोड. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून जाते. कच्चा कांदा, काकडी, बाहेरची शेवभाजी हे सगळं नंतर. केळं सोलण्याआधी धुवायचं, हे मला चोपड्याच्या मुलीला सांगावं लागतंय.

कानबाईचा सण श्रावणात येईल, आणि तू म्हणालीस, "यंदा देवीच्या नैवेद्याचे रोट कोण करेल?" जाऊ करेल. घरात शंभर माणूस येईल त्या दिवशी, आणि तुझ्या पेशी उतरलेल्या असतील तर तू माडीवर थांबायचं. कानबाईला सगळं दिसतं. वरूनच हात जोड, थोरलीला खाली पाठव.

बुधवारी अकराच्या बसने येते. थर्मामीटर आणि कळण्याचं पीठ आणतेय. थोरलीला सांगायचं असेल तर मी येईपर्यंत थांब किंवा थांबू नको, तुझं तू ठरव. मी आले तर स्वयंपाकघरात बसेन, मध्ये बोलणार नाही. मुलाला विचारून लिहिलंय हे, बॉलचं. तो म्हणाला, "लिही."

तुझ्या
बाई